प्लगच्या खड्ड्यातलं ऑइल

कराड,
सोमवार रात्र

चि. महेशला मामाचे अनेक आशीर्वाद.

फोनच करणार होतो. पण फोनवर तू ‘हो मामा, हो मामा’ म्हणत राहतोस, मागं कंप्रेसर धडधडत असतो आणि मनातलं बोलायचं राहून जातं. म्हणून पत्र. दुपारी जेवणाच्या सुट्टीत एकटा बसून वाच. पोरांसमोर वाचू नकोस.

परवा पाटणचे गुरुजी आले होते. तुझ्या लग्नात शेवटची पंगत उठेपर्यंत कमरेला पंचा बांधून वाढत होते, तेच. त्यांची लेक तुमच्या चिपळूणला दिलेली, त्यामुळं कुंभार्ली घाटातून त्यांचं सारखं जाणं-येणं. त्यांची वॅगनआर मिसिंग करायला लागली म्हणून त्यांनी ती तुझ्याकडं दाखवली. तू कॉइल उपसली, बोट घातलंस आणि सांगितलंस, ‘प्लगला ऑइल आलंय, रिंगा गेल्यात, इंजिन खोलायला लागेल, 38 हजार होतील.’ हे त्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं.

महेश, त्यांनी तक्रार केली असती तर मला इतकं लागलं नसतं. ते तक्रार करायला आलेच नव्हते. ते मला म्हणाले, ‘भाच्याला सांगून दोन-चार हजार कमी होतात का बघा. पेन्शनमधून भागवायचंय.’ तुझ्या शब्दावर त्यांचा एवढा विश्वास, की पैशाची जुळवाजुळव ते आधीच करायला लागले होते. चहाचा कप हातात तसाच राहिला माझ्या.

मी त्यांना तिथल्या तिथं काही बोललो नाही. म्हटलं, बघू तरी. बॉनेट उघडलं, इंजिन गार होतं. तिन्ही कॉइली काढल्या. पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरचा खड्डा कोरडा. मधल्या खड्ड्यात बॅटरी मारली तर प्लगचा वरचा षटकोन दिसेना, काळसर ऑइल चमकत होतं. कॉइलचा रबरी बूट फुगून मऊ पडलेला. मेडिकलमधनं मोठी सिरिंज आणली, तिला सलाइनच्या नळीचा तुकडा लावला आणि ऑइल सगळं ओढून घेतलं. उरलेलं फडक्यानं टिपलं, हवा मारली आणि मगच प्लगला पाना लावला. आता नीट वाच. प्लगचं वरचं चिनीमातीचं अंग ओलं, त्यावर वरून खाली गेलेली काळी बारीक रेघ. आणि खालचं टोक, जे सिलिंडरच्या आत असतं, ते कोरडं ठणठणीत, फिकट बिस्किटी रंगाचं. ऑइल आतून आलं असतं तर ते टोक तसं राहिलं असतं का?

मला एवढंच कळू दे, की तू तो प्लग काढून त्याचं टोक बघितलं होतंस का?

बघितलं नसशील तर ती घाई झाली, आणि घाईवर औषध आहे. बघितलं असशील आणि तरी रिंगा म्हणाला असशील, तर पुढं काय लिहावं ते मला सुचत नाही. रात्री झोप लागली नाही ती यामुळंच. तुझी मामी म्हणाली, पोराला आधी विचारा तरी. म्हणून विचारतोय.

‘प्लगला ऑइल म्हणजे रिंगा’ हे वाक्य तुझ्या कानावर लहानपणापासून आहे, हे मला माहीत आहे. जुन्या गाड्यांत ते बरंचसं खरंही होतं. प्रीमियर पद्मिनीचे प्लग हेडच्या बाजूला उघड्यावर असायचे. मारुती 800 लाही तसंच, हात घातला की प्लग हाताशी. तिथं खड्डा नाही, नळी नाही. प्लग चिंब निघाला की बहुतेक वेळा ते ऑइल आतलंच असायचं. पण वॅगनआरला 2010 साली के-10 इंजिन आलं. 998 सीसी, तीन सिलिंडर, बारा वॉल्व्ह, वर दोन कॅमशाफ्ट आणि त्या दोहोंच्या मधोमध उभे प्लग. कॅमभोवती सतत ऑइल उडत असतं आणि प्लगची वाट त्या ऑइलमधूनच खाली उतरते. दोघांच्या मध्ये टॅपेट कव्हरचं रबरी सील, बाकी काही नाही. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन ते सील कडक होतं आणि ऑइल खड्ड्यात झिरपायला लागतं. याचा रिंगांशी काडीचा संबंध नाही. आजकाल रस्त्यावरच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांची रचना अशीच आहे. तेव्हा ते जुनं वाक्य आता प्लगच्या टोकाला लावायचं, खड्ड्याला नाही.

गुरुजींच्या गाडीचं सील मी काढलं तेव्हा ते शिळ्या भाकरीच्या पापुद्र्यासारखं तुटलं. त्याचा एक तुकडा या पाकिटात घातलाय. नखानं दाबून बघ.

आणखी एक गोष्ट तुझ्या नजरेतून सुटली की काय असं वाटतं. गुरुजी सांगत होते, गाडी पेट्रोलवर जरा बरी चालते, सीएनजीवर टाकली की चढाला धक्के मारते. तिथंच अर्धं उत्तर होतं रे. सीएनजी पेटवायला ठिणगीला विजेचा जास्त दाब लागतो. रबरी बूट ऑइलनं खराब झाला की वीज प्लगच्या टोकापर्यंत जायच्या ऐवजी बाहेरूनच, चिनीमातीच्या अंगावरून खाली पळते. त्या काळ्या रेघेचा अर्थ तोच. रिंगा गेलेल्या असत्या तर पेट्रोल काय आणि सीएनजी काय, रडगाणं सारखंच असतं. स्कॅनर लावला तर पी 0302 आला, म्हणजे दुसरं सिलिंडर. मधली कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची मधल्यावर लावली. दोष कॉइलबरोबर पहिल्या सिलिंडरवर गेला, पी 0301. आणखी काय पुरावा हवा?

तरी मनाची खात्री म्हणून कंप्रेशन घेतलं. तिन्ही सिलिंडर जवळजवळ सारखी. कमी आलं असतं तर चमचाभर ऑइल आत सोडून पुन्हा घेतलं असतं. ऑइल सोडल्यावर आकडा वर चढला तर रिंगा, नाही चढला तर वॉल्व्ह किंवा हेडचं पॅकिंग. ही परीक्षा तुला येते. माझ्या समोर तू ती केली आहेस. गुरुजींना धुराबद्दल विचारलं, तर सकाळी चालू करताना निळा धूर नाही, चढाला ओढतानाही नाही. डिपस्टिकवरचं ऑइल महिन्याकाठी थोडं उतरतं, पण ते कव्हरच्या कडेनं बाहेर पाझरून, आणि त्याचा ओला डाग स्पष्ट दिसत होता. कुठलीच खूण इंजिन खोलायला सांगत नव्हती. मग तू 38 हजार कुठून आणलेस?

आणि महेश, मला खरा राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा त्या दिवशी लुकलुकत होता, असं गुरुजी म्हणाले. नुसता पेटलेला असणं वेगळं आणि लुकलुकणं वेगळं, हे तुला मी सांगायला हवं का? न पेटलेलं इंधन सायलेन्सरच्या वाटेतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथं जळतं, तो लाल होतो, आतली जाळी वितळते. शिवाय कव्हरच्या कडेनं झिरपणारं ऑइल गरम मॅनिफोल्डवर पडलं तर धूर होतो, आणि नशीब फिरलं तर आग. अशी गाडी घेऊन पासष्टी ओलांडलेला माणूस तू संध्याकाळी घाटात सोडलास. ‘पैसे जमले की आणा’ म्हणालास. अरे, एक कॉइल बदलून, खड्डा पुसून तरी पाठवायचंस. पैसे नंतर घेतले असतेस. गुरुजींनी काय बुडवले असते?

हे लिहून जरा थांबलो होतो. पाणी प्यालो.

2021 ची 22 जुलै मी विसरलेलो नाही. वाशिष्ठीच्या पुराचं पाणी तुझ्या गॅरेजच्या पत्र्याला लागलं होतं. रस्ता सुरू झाल्यावर मी आलो, तेव्हा तू दारात बसला होतास आणि पायाखाली घोटाभर चिखल. गिऱ्हाइकांच्या चार गाड्या आत, स्कॅनर गेला, वेल्डिंग मशीन गेलं. दिवसभर आपण दोघं डिझेलच्या घमेल्यात पाने धूत बसलो होतो. तू एकेक पाना पुसून आकारानं लावत होतास, आणि 14 चा रिंग पाना सापडत नाही म्हणून एवढा मोठा घोडा रडलास. मी तुला तेव्हाही काही बोललो नाही. पाना सापडत नव्हता म्हणून तू रडत नव्हतास, ते मला कळत होतं. ते सगळे पाने तुझ्या आईनं, आक्कानं, पाटल्या मोडून घेतलेले.

त्यानंतरचं कर्ज अजून चालू आहे, हे मला कळतं. पोरांचे पगार, जागेचं भाडं, ओवीची शाळा. महिन्याची पाच तारीख जवळ आली की माणसाला प्रत्येक गाडीत हप्ता दिसायला लागतो. तुझ्या हातून हे झालं असेल तर ते तिथून आलं असणार, असं मी मनाला सांगतो. आणि लगेच वाटतं, नाही, आक्काचं पोर असं करणार नाही, त्यानं नुसतं वरवर बघितलं असेल. किंवा तू नसताना त्या नव्या पोरानं ठोकून दिलं असेल. गुरुजी ‘महेश म्हणाला’ म्हणतात खरं, पण गॅरेजात जो बोलेल तो त्यांना महेशच. यातलं खरं काय, ते तू मला सांग. काहीही असलं तरी सांग.

माझ्या उस्तादांबद्दल तुला फार कधी बोललो नाही. कोल्हापूरला उद्यमनगरात त्यांचं गॅरेज होतं, दोन गाड्या जेमतेम मावतील एवढं. मी आयटीआय करत असताना सुट्टीत तिथं जायचो. कुठलाही पार्ट बदलला की जुना पार्ट ते वर्तमानपत्रात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. माणूस म्हणायचा, मला काय करायचाय हा? उस्ताद म्हणायचे, घरी नेऊन फेक, पण तुझ्या हातानं फेक. त्यांना अक्षरओळख बेताचीच होती. कानाला लांब स्क्रू-ड्रायव्हर लावून कुठलं सिलिंडर मरतंय ते सांगायचे.

त्यांना मला ठेवून घ्यायचं होतं. पुढं गॅरेज तूच बघ म्हणाले होते. तेवढ्यात माझी आयटीआयमधल्या निदेशकाची ऑर्डर आली, आणि दादा म्हणाले, सरकारी नोकरी सोडणारा आपल्या घरात जन्मलेला नाही. मी नोकरी धरली. मोटर मेकॅनिकच्या किती बॅचेस माझ्या हाताखालून गेल्या, पोरं दुबईपर्यंत पोचली, मी समाधानी आहे. पण स्वतःच्या नावाची पाटी रंगवायची राहिली, ही रुखरुख काही जात नाही. उस्ताद आजारी पडले तेव्हा माझी बदली लांब झालेली. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता निरोपच आला. गॅरेज त्यांच्या पोरांनी विकलं.

तू पाटी लावलीस त्या दिवशी आक्का माझ्या शेजारी उभी होती. मी काही बोललो नाही, पण ती पाटी मला थोडी माझीही वाटली. म्हणून तुझ्या गॅरेजचं नाव कुणी वेगळ्या सुरात घेतलं की मला ते झोंबतं. तुला हे जड वाटेल, तरी आज लिहून ठेवतो.

गुरुजींची गाडी मी करून दिली. माझा एक जुना विद्यार्थी इथं गॅरेज चालवतो, त्याच्याकडं. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, तिन्ही खड्ड्यांची सीलं, तीन प्लग आणि मधली कॉइल, सगळं मिळून साडेचार हजारांच्या आत बसलं. तुला ठाऊक असेल, तरी दोन गोष्टी सांगतो, कारण इथं त्या विद्यार्थ्यानंही नेमक्या याच चुका करायला घेतल्या होत्या. एक, सगळ्या पॅकिंगला सिलिकॉन फासायचं नाही. हेड आणि चेनचं कव्हर जिथं जुळतं त्या सांध्यावर थेंबभर पुरे. बाकी दोन्ही बाजू फक्त स्वच्छ आणि कोरड्या हव्यात. जास्तीचं सिलिकॉन आत तुटून पडतं आणि ऑइलच्या जाळीत जाऊन बसतं. दुसरी, कव्हरचे बोल्ट बारीक असतात, ते जीव खाऊन आवळायचे नसतात. मधनं सुरुवात करून बाहेर, आलटूनपालटून, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्यानं. दहा न्यूटन-मीटरच्या आसपासचं काम ते, आकडा मॅन्युअलमध्ये बघून घ्यायचा. जोर लावला की कव्हर वाकतं आणि नवं पॅकिंग महिन्यात गळतं. मग गिऱ्हाईक म्हणतं, मेकॅनिकनं फसवलं, आणि ते चूक म्हणत नाही.

पीसीव्ही वॉल्व्हही काढून हलवून बघितला, खुळखुळ वाजला. तो चोंदलेला असता तर आतला दाब नव्या सीलांनाही बाहेर ढकलत राहिला असता. हे बरेच जण बघत नाहीत. आणि काही इंजिनांत प्लगच्या नळीच्या बुडाशीही ओ-रिंग असते. ती गेली असेल तर नुसतं कव्हरचं पॅकिंग बदलून भागत नाही, खालपर्यंत उतरावं लागतं. तुझ्याकडं जुन्या होंडा येतात, तिथं हे ध्यानात ठेव. आणि पोरांना बजाव, खड्ड्यात ऑइल असताना प्लगला पाना लावायचा नाही. प्लग सैल झाला की ते सगळं थेट सिलिंडरमध्ये उतरतं. इंजिन गरम असताना तर नाहीच, ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे निघून येतात.

पण हे सगळं तुला येतं. मीच शिकवलंय आणि तू माझ्यापेक्षा हातानं चांगला आहेस, हे तुला कधी तोंडावर बोललो नाही, आज लिहितो. तू आठवीत असताना माझ्या लुनाचा कार्बोरेटर खोलून सगळे बारीक भाग ताटलीत ओळीनं लावून ठेवले होतेस आणि परत जसेच्या तसे बसवले होतेस. मी ओरडायला आलो होतो आणि लुना एका झटक्यात चालू झाली. ज्या पोराला तेव्हा एकेक भाग कुठून निघाला ते ठाऊक होतं, त्यानं प्लगचं टोक न बघता रिंगा सांगाव्यात, हे माझ्या मनाला पटतच नाही. म्हणूनच सारखं तेच विचारतोय. रागावू नकोस.

गुरुजींना मी तुझ्याबद्दल काहीही बोललो नाही. सांगितलं, महेशनं बरोबर ओळखलं की ऑइल येतंय, पण खोलून बघायला त्याला वेळ मिळाला नव्हता, तो मला म्हणाला होता की तुम्हीच एकदा बघा. हे खोटं मी तुझ्यासाठी बोललो. म्हातारा खूश झाला, म्हणाला, भाचा अगदी तुमच्यावर गेलाय. आता तू त्यांना एक फोन कर. गाडी कशी आहे एवढंच विचार. पुढचं आपोआप होईल.

हप्त्याचं मला आधी सांगायचं होतंस. या महिन्याचा किती कमी पडतोय ते सूनबाईला विचारून कळव. मी मामीशी बोललोय, ती म्हणाली, पोराला विचारत काय बसता, पाठवून द्या. परत कधी करायचे याचा हिशोब ठेवू नकोस. ओवीला सायकल घ्यायची म्हणून पैसे बाजूला काढलेत, त्यातनं सायकलही होईल.

शिमग्याला मी येतोय. मामीचे गुडघे दुखतात, तिला घाट झेपणार नाही, मी एकटाच एसटीनं येईन. पालखी दारावरून गेली की पुढचे आठ-दहा दिवस राहीन म्हणतोय. गॅरेजात एका कोपऱ्यात खुर्ची टाक. तुझ्या कामात मी बोलणार नाही, अगदीच राहवलं नाही तर बॅटरी धरीन. माझा टॉर्क पाना मी आणतोय, तुझा पुरात गेला तेव्हापासून तू अंदाजानं आवळतोस हे मला माहीत आहे. तो तिथंच ठेव, मला आता कुठं लागतोय?

जेवण वेळेवर घेत जा. गेल्या वेळी बघितला तेव्हा फार वाळला होतास, आणि उजव्या हाताच्या अंगठ्याला ती भेग अजून तशीच होती. रात्री झोपताना आमसुलाचं तेल लाव तिला, तुमच्याकडं घरोघरी मिळतं. ओवीला पापा. सूनबाईला सांग, मी येईन तेव्हा माझ्यासाठी वेगळं काही करू नकोस म्हणावं, तांदळाची भाकरी आणि कुळथाचं पिठलं असलं की झालं.

पत्र मिळालं की फोन कर. कामातून उठून नको, रात्री कर. मी जागा असतो.

तुझा,
मामा